दर तासाचा बर्फ

हिमवादळ ओसरल्यावर अमेरिकेतल्या बफेलोजवळच्या आमच्या गावात किराणा दुकानाच्या रांगेत माझ्यापुढे म्हातारे ऑर्विल होते. गावात किती बर्फ पडला, ते हवामान खात्यासाठी तेच मोजतात. त्यांच्याशी बोलत होती त्यांच्या आकड्याच्या पडताळणीला आलेली खात्याची मार्सी.

"ऑर्विल, तुमचा बर्फाचा विक्रम मान्य होणार नाही."

"का? शेजारच्या गावाने कान भरले वाटतं!"

"मोजायच्या फळीवर साचलेला बर्फ दर सहा तासांनी मोजून झाडायचा. तुम्ही दर तासाला झाडलात. बर्फ दबलाच नाही, बेरीज फुगली."

"हं."

"नियम माहीत नव्हता?"

"तोंडपाठ आहे."

"मग तसल्या वादळात दर तासाला बाहेर कशाला पडलात?"

"मोजलं की तुमच्या ऑफिसात फोन करायचा असतो ना."

"हो, मग?"

"कुणीतरी उचलायचं. 'जपून राहा, ऑर्विल' म्हणायचं."

"ऑर्विल..."

"आकडा खोड, पोरी. फोन तर झाले ना."