मयत इसमाचा ओव्हरकोट

नाव: नजीब अब्दुल गफूर परकार. वय: ६९ वर्षे. धंदा: निवृत्त, पूर्वी गोठवलेल्या मांसाच्या गोदामात स्टोअरकीपर. मूळ राहणार: तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी. सध्या राहणार: मनामा, जुन्या बाजारामागील इमारत, तिसरा मजला, मुलाच्या व्हिसावर. हयात: होय. (शेवटची नोंद जबाब देणाऱ्याच्या आग्रहावरून घेतली.)

मी वर लिहिलेला नजीब परकार समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की, मी मराठीत बोलत आहे आणि दुभाषी नाझिशबाई ते साहेबांना अरबीत सांगून मराठीतही उतरवून घेत आहेत. साहेबांनी ताकीद दिली आहे की खरे आणि कामाचे तेवढेच बोलावे. मी खरे बोलेन. त्यातले कामाचे कोणते ते साहेबांनी निवडून घ्यावे.

माझ्यावर आरोप असा आहे की आज शुक्रवारी दुपारी मी मनामातल्या एका हॉलमधून मयत नजीब परकार यांचा ओव्हरकोट चोरला. मयत नजीब परकार मीच आहे. ओळखपत्र टेबलावर ठेवले आहे. त्यावरचा फोटो बरा आलेला नाही, पण तो काढला तेव्हाही मी जिवंत होतो. कोट सध्या माझ्या अंगावर आहे.

कोटाचे वर्णन: राखाडी, जाड लोकरीचा, गुडघ्याखालपर्यंत. १९८३ साली मी तो इथल्याच बाजारात एका म्हाताऱ्या इराणी दुकानदाराकडून घेतला, तेव्हाच तो जुना होता. आमच्या गोदामात आत उणे अठरा आणि बाहेर पंचेचाळीस, त्यामुळे भर जुलैत ओव्हरकोट घालून चहाला जाणारा इसम म्हणून मी त्या भागात प्रसिद्ध होतो. निवृत्त झाल्यापासून फक्त थंडीत घालतो. बहरीनची थंडी ती केवढी, डिसेंबरच्या शेवटाला येते आणि फेब्रुवारीत लोक पुन्हा एसीचा रिमोट शोधायला लागतात. तेवढे दिवस मी कोट घालून खाली उतरतो आणि घरची माणसे माझ्यापासून चार पावले मागे चालतात. बाकीचे वर्ष तो दारामागच्या खुंटीवर असतो.

गेल्या डिसेंबरात मला न्यूमोनिया झाला आणि आयसीयूत ठेवले. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी घरच्यांना सांगितले की आता दुवा करा. डॉक्टरांनी असे म्हटल्यावर शहाणी माणसे पुढच्या तयारीला लागतात. माझा मुलगा जुनैद फार शहाणा आहे. तो हिद्दला एका कंपनीत लॉजिस्टिक्स बघतो, म्हणजे माल हलण्याआधी त्याची पुढची जागा ठरवणे हेच त्याचे काम. त्याने रजा टाकली, दापोलीला फोन केले, दफन इथे करायचे की गावी याचीही चौकशी केली. मग मी बरा झालो. मी त्याला म्हणालो की तुझी रजा फुकट गेली. तो हसला नाही. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मला घरी आणले.

घरी आलो तर खुंटी रिकामी. विचारपूस केली. जुनैद म्हणाला, "अब्बा, मला माहीत नाही." माझी पत्नी हमीदा म्हणाली असेल कुठेतरी, आणि कांदा चिरायला आत गेली. दोन दिवसांनी जुनैदने मॉलमधून माझ्यासाठी एक फुगीर जाकीट आणले. न मागता आणले. त्यावरून मी काय ते समजलो. अपराधी माणूसच न मागता वस्तू आणतो. ते जाकीट घातले की मी हवा भरलेल्या गादीसारखा दिसतो. मी त्याला विचारले की कपडे वाटून झाले, आता माझी खोली कुणाला देणार आहेस? तो कामावर निघून गेला. तेव्हापासून आमचे बोलणे बंद आहे. म्हणजे तो बोलतो, मी मयत असल्यामुळे उत्तर देत नाही. हमीदा दोघांना वेगवेगळे जेवायला वाढते.

साहेब विचारतात कोटाचा पत्ता कसा लागला. परवा माझ्या फोनवर आमच्या मराठी लोकांच्या ग्रुपमध्ये एक जाहिरात आली. जुन्या कपड्यांचा हिवाळी मेळा, शुक्रवारी दुपारी, सर्वांनी आपापले व्हिंटेज घालून यावे. फोटोत मधोमध माझा कोट. व्हिंटेज म्हणजे काय ते मी नाझिशबाईंना आत्ता विचारून घेतले. आमच्या घरात त्याला जुनाट म्हणतात.

मी आज दुपारी टॅक्सीने हॉलवर गेलो. अंगात फुगीर जाकीट होते. बाहेर अठरा अंश होते, पण लोकरी कपडे घालून घाम येऊ नये म्हणून आत एसी लावून चौदा केले होते. एवढा खर्च करून थंडी मी फक्त गोदामात बघितली आहे, आणि तिथे निदान कोंबड्यांची सोय होत होती. चाळीसेक माणसे असावीत. कुणी आजोबांच्या वयाची टोपी घातली होती, कुणी कुणाच्या तरी आजीचा फर. एका मुलाच्या स्वेटरला कोपरावर भोके होती. मला वाईट वाटले. शेजारच्या बाईंनी सांगितले की ती भोके मूळची आहेत, त्यांनी किंमत वाढते. मी मान डोलावली आणि पुढे गेलो.

माझा कोट स्टँडवर होता आणि वर दिवा सोडला होता. त्रेचाळीस वर्षांत त्या कोटावर इतका उजेड कधी पडला नव्हता. खाली इंग्रजीत कार्ड होते. मयत नजीब काका यांचा ओव्हरकोट, इंग्लंड, अंदाजे १९५५, जहाजावर वापरलेला, त्या काळचा अस्सल वास कायम. साहेबांनी नोंद घ्यावी की तो वास आमच्या गोदामातल्या ब्राझीलच्या कोंबडीचा आहे. तिसरे बटण वेगळे आहे, त्याला कार्डावर दुर्मीळ म्हटले होते. ते हमीदाने जुनैदच्या शाळेच्या ब्लेझरचे काढून लावले आहे. जहाजाबद्दल म्हणाल तर मला इथल्या समुद्रावरच्या सित्र्याच्या पुलावरून जातानाही मळमळते.

मी अंगातले जाकीट काढून स्टँडला अडकवले, कारण कुणाचे नुकसान व्हावे अशी माझी इच्छा नव्हती. मग कोट घातला आणि निघालो. मेळा भरवणारी अनुष्का नावाची मुलगी धावत आली. ती म्हणाली, "अंकल, प्लीज, त्याला हात लावायचा नाही. तो एका गेलेल्या माणसाचा आहे." मी म्हणालो, "तो माणूस मी." तिने सिक्युरिटीला बोलावले. सिक्युरिटीने पोलिसांना बोलावले. मी कुणालाही ढकलले नाही, आणि दारावर चहा विचारला तो घेतला.

ठाण्यात माझा जबाब इथवर आला असताना कळले की कोट मेळ्याला मयुरेश याने दिला होता. मयुरेश पुण्याचा, वय पस्तिशीच्या आसपास, इंजिनिअर, आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकटा राहतो. गेल्या तीन थंड्या तो मला लिफ्टमध्ये गाठून म्हणत असे की काका, कोट कधी काढायचा झाला तर मला सांगा. मी म्हणत असे की मी मेल्यावर. हे मी गमतीने म्हणत होतो. महिनाभर तो रजेवर पुण्याला होता आणि मी घरात झोपून होतो, त्यामुळे आमची भेट झाली नव्हती. त्याला ओळख पटवायला बोलावले. तो आत आला, त्याने मला बघितले आणि समोरच्या खुर्चीवर बसला. तो म्हणाला, "काका, तुम्ही गेलात ना?" मी म्हणालो, "नाही रे, साहेब सोडत नाहीत." त्याला पाणी देण्यात आले.

ठाण्यातून फोन गेल्यामुळे जुनैद आणि हमीदाही आले होते. साहेबांनी मयुरेशला विचारले की कोट तुला कुणी दिला. तो माझ्या मागे उभ्या असलेल्या दोघांकडे बघू लागला. मी साहेबांना म्हणालो, लिहा, माझा मुलगा जुनैद याने दिला, मी जिवंत असताना आणि मला न विचारता. साहेबांनी बजावले की तसे लिहिले तर मुलावर केस घ्यावी लागेल आणि घरातल्या सगळ्यांचे व्हिसा त्याच्या नावावर आहेत, तेव्हा विचार करा. मी म्हणालो लिहा. मला इतका राग आला होता. जुनैद खाली मान घालून उभा राहिला.

तेव्हा हमीदा पुढे आली. ती म्हणाली, "त्याचं नाव लिवू नका. कोट मी दिला. सदका काढला मी, ह्यांच्या नावाचा."

तिने सांगितले ते असे. चौथ्या दिवशी डॉक्टरांचे बोलणे ऐकून ती कपडे बदलायला घरी आली. सदका म्हणजे बिमाराच्या जिवावरची बला टळावी म्हणून गरजूला काहीतरी देतात. तिने आधी पैसे काढले, मग ठेवून दिले, कारण पैशांत माझा जीव कधी नव्हता. ती खुंटीजवळ गेली. ती म्हणाली की ज्याच्यात ह्यांचा जीव अडकलेला तेच द्यायला पाहिजे होते. दिलेला सदका बोलून दाखवायचा नसतो, म्हणून मी विचारले तेव्हा ती कांदा चिरायला गेली. जुनैदला यातले काहीही माहीत नव्हते. त्याने कोट कुठे गेला म्हणून ड्रायक्लीनवाल्याकडेही चौकशी केली होती, हे मला आज कळले.

साहेबांनी पेन खाली ठेवले. मग साहेबांनी विचारले की सदका गरजूला देतात, तो या इंजिनिअरला का दिला?

हमीदा म्हणाली, "गरीबच हाय तो. तीन थंड्या बघते मी. स्वेटरला कोपरावर ठिगळ, कॉलर विरलेली, बूट तर बापाच्या जमान्यातले. कंपनी पगार देत नसंल. आईबाप लांब पुण्याला. लिफ्टमध्ये भेटला, हातात दिला आनि म्हटलं, दुवा कर बाबा ह्यांच्यासाठी."

मयुरेशने खुलासा केला की तो स्वेटर त्याने स्कॉटलंडवरून मागवला आहे. किंमत त्याने हळू आवाजात सांगितली. साहेबांनी ती दोनदा विचारून खात्री करून घेतली. बाई रडत रडत नवऱ्याचा कोट हातात देतात आणि दुवा कर म्हणतात, यावरून काका गेले असेच त्याला वाटले, असे तो म्हणाला. वाकून कोटाला नमस्कार केला होता, असेही म्हणाला. आता त्याचे कान लाल झाले आहेत. त्याने मला हात जोडले आणि कोट तुमचाच आहे, घेऊन जा, मी काही गरीब नाही, असे सांगितले. साहेबांचेही मत पडले की मग विषय संपला, खलास, सगळ्यांनी घरी जावे.

विषय संपला नाही, कारण हमीदाने माझी बाही धरली. ती म्हणाली, "काढा तो आधी. दिलेला सदका परत घेत नाहीत." कोट परत घेतला तर तो ज्यासाठी दिला ते परत द्यावे लागेल अशी तिला भीती आहे. पाचव्या दिवशी माझा ताप उतरला हे हॉस्पिटलच्या कागदावर आहे. श्रेय डॉक्टर घेतात, घेऊ देत. आयसीयूत ती माझ्या उशाशी बसलेली असायची म्हणतात, पण माझे डोळे मिटलेले होते, तेव्हा तिचा चेहरा कसा होता ते मला माहीत नव्हते. ते मी आज या ठाण्यात बघितले. मी लगेच कोट काढला.

कोट घडी करून टेबलावर ठेवला आहे. तो मयुरेशला द्यावा. माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही. हमीदाने दिला म्हणजे मीच दिला असे लिहावे. गरजूला दिलेली वस्तू आहे, तेव्हा त्याने ती स्टँडवर न ठेवता थंडीत अंगात घालावी. कार्डावरचा मयत हा शब्द काढावा. त्यामुळे कोटाची किंमत उतरणार असेल तर मी दिलगीर आहे, माझा इलाज नाही. मयुरेशने हे मान्य केले आहे. रविवारी त्याने आमच्याकडे जेवायला यावे असे हमीदाने त्याला सांगितले आहे. तो गरीब नाही यावर तिचा अजून विश्वास बसलेला नाही.

माझे फुगीर जाकीट हॉलमध्येच राहिले आहे. ठाण्यात एसी जोरात आहे. मी हे सांगत असताना जुनैदने अंगातले जाकीट काढून माझ्या खांद्यावर टाकले आणि स्वतः अर्ध्या बाह्यांच्या शर्टात भिंतीला टेकून उभा आहे. मी मागितले नव्हते.

वरचा मजकूर नाझिशबाईंनी मला पहिल्यापासून वाचून दाखवला. तो मी बोललो तसाच उतरला आहे आणि खरा आहे, एक वाक्य सोडून. अपराधी माणूसच न मागता वस्तू आणतो, असे मी वर म्हटले आहे. ते खोडा असे मी सांगितले. नाझिशबाई म्हणतात की जबाबात खोडता येत नाही, दुरुस्ती खाली लिहावी लागते. म्हणून खाली लिहितो: जुनैदने ते जाकीट मला थंडी वाजू नये म्हणून आणले होते. एवढे त्याला मोठ्याने वाचून दाखवावे, माझ्याने बोलवत नाही.

सही: नजीब परकार, हयात.