नावेवरची चूल

माहेर माझं साक्रीकडचं, डोंगरातलं, तिथं पाणी म्हणजे हंड्यात दिसेल तेवढं, आणि लग्न करून आले ती तापीच्या काठावर, नरडाण्याच्या अंगाले, काय सांगू भाऊ तुमले, एवढं पाणी पाहून मी दारातच थबकले. नावेत तर कधी पाय ठेवला नव्हता. घरवाला सुतार. बैलगाडी करावी तर त्यानंच, असं चार गावं म्हणायची. मग ट्रॅक्टर आले, गाड्या गेल्या, आणि हा माणूस ओट्यावर बसून राहू लागला, जेवायले हाक मारली तरी हूं नाही की चूं नाही. मले भीती वाटायची, असाच बसून वाळून जाईल.

एक दिवस उठला, म्हणे नाव करतो, वर खोली असलेली. मी म्हटलं डोकं फिरलं का तुमचं, पण लाकूड तासायचा वाकस हातात घेतला ना त्यानं, मी अंगण मोकळं करून दिलं. अंगणात बाभळीच्या फासळ्या उभ्या राहिल्या, वर सागाच्या फळ्या, फटींत आमच्याच वावरातला कापूस कोंबायचा नि वरून डांबर, ते काम माझं, नखं काळी ती काळीच. म्हणे तुले खोलीत काय पाहिजे ते सांग. मी म्हटलं, जन्मभर भिंतीकडे तोंड करून भाकरी थापली, मले चुलीसमोर खिडकी पाहिजे. केली ना. मातीचा ओटा, चूल, खिडकी, सगळं बठ्ठं उजव्या अंगाले. दार मात्र पूर्वेले, उंबरठ्यासकट. आता नावेले कुठली पूर्व? पण आयुष्यभर घरांचीच दारं बसवलेली, अंगणात उभं राहून पूर्व पाहिली नि बसवून टाकलं.

नाव उतरवली त्या दिवशी बठ्ठं गाव काठावर. ट्रॉलीवरून सरकवली, तरंगली, थेंब आत नाही, पण कलली उजवीकडे. चुलीचा ओटा जड ना. माझा दीर लागला हसायले, म्हणे दादा, गाडीच बरी होती. आणि ह्यानं वाकस खाली ठेवला नि काठावर बसला, ओट्यावर बसायचा अगदी तसा. आता उठला नाही तर कधीच उठायचा नाही, हे मले एकटीले माहीत.

असा राग आला मले. दिराले म्हटलं दात काय काढतोस, चाल घरी, माझं जातं उचल. माहेराहून आणलेलं ते, गावात गिरणी आल्यापासून कोपऱ्यात पडलेलं. दोघा-तिघांनी घामाघूम होत आणलं, डाव्या अंगाले ठेवलं, आणि नाव हळूच सरळ झाली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. दिराचं तोंड पाहण्यासारखं झालं, मी चांगलं पाहून घेतलं.

घरवाला उठला. नावेत चढला, हात पुढे केला.

"चाल, बस. मी शे ना."

तो आहे म्हटल्यावर बसले, भाऊ. जातं दोन्ही हातांनी धरलं, पण बसले. म्हटलं दार दक्षिणेले आलंय, बरं नाही दिसत. त्यानं वल्हं मारलं, नाव फिरवली, दार पूर्वेले आणून दिलं.

आता भडगावच्या एकानं दुसरी नाव करायले सांगितली आहे, गिरणा नदीसाठी. जेवायले हाक मारली की म्हणतो थांब, एवढी फळी होऊ दे, आणि भाकरी निवते, निवू दे. तुम्ही पण ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खाऊनच नावेतून उतरा, देव तुमचं भलं करो, फक्त तेवढं जात्याच्या अंगाले सरकून बसा.