एका तुकड्याला एक काडी

—नाई मॅडम, अश्विनी बाहेर नाई येत, ताप हाये तिले. खोलीची कडी मीच लावली, वारा लागू नये म्हणून. तुमी चहा घ्या अगोदर. नेरडीगोंड्याहून बसनं आल्या, पोरीसाठी एवढा जीव कोण टाकते? परवा हैदराबादेत तिची फ्रेंचची तोंडी परीक्षा हाये, मले मालूम हाये — बापाले नाई तर कोणाले राहीन? तयारी मीच घेऊन राह्यलो ना! मले तुमची फ्रेंच समजते का? काईच नाई. पण शब्द मराठीत लिहून घेतला का तुकडे पाडता येते. नू — नू — से — र्यों — ले — वे. एका क्रियापदाले बेल्लमपल्लीच्या कोळशाच्या गाडीवाणी एवढे डबे! अर्थ मले नाई पायजे. ती म्हणते, मी टेबलावर कापसाच्या पऱ्हाटीची काडी मारतो, एका तुकड्याले एक. तुकडा गिळला का काडी टेबलावर नाई — बोटावर.

तोंड काऊन असं केलं? बोलताना तो गिळाच लागते? तुमीच शिकवलं? ते सांगत होती — मले वाटलं, खोटं बोलून राह्यली, म्हणून आणखी दोन ठेवल्या. मॅडम, आमच्या घरी मराठी, शाळा तेलुगूची. मास्तरनं मले असंच हाणलं, अक्षरागणिक. हे बोट पाहा, अजून सरळ होत नाई. पण तहसीलीत नोकरी लागली का नाई? मार खाल्ल्याबिगर परकी भाषा येतच नाई.

हात? हाताचं कोण म्हणलं तुमाले? न्हाणीत घसरली ते — आता काडी मोडली, म्हणून सागाची पट्टी घेतली एखाद्यानं, अन् पोरगी हात मागं ओढते, तर दोष कोणाचा? जयवंतानं हळद लावली, मायच हाये तिची. उजवा असला म्हणून काय झालं, परीक्षा तर तोंडी हाये!

बरं, विचारा काय ते, फ्रेंचमधीच विचारा. दाराआडून बोलन ते. ऐका — इल — मा — का — से — ला — मँ. एकबी नाई गिळला! पायलं? कशी साफ बोलली! पण... हे पुस्तकातलं नोहे. मी तर हे कधी घोकून घेतलं नाई. काय म्हणाली ते? ‘मोडला’? कोणं मोडला, काय मोडला — हात?

मॅडम, रडता काऊन? फोन कोणाले लावून राह्यल्या? ठेवा तो. ठेवा म्हणतो ना! माझी पोरगी हाये, मी पाहीन. उठा, निघा माझ्या घरातून — जयवंता, तू कडीले हात नोको लावू. जयवंता—