पेंडीच्या वड्या आणि वैद्यांचा निकाल

...नाही हो, वड्या चवीला वाईट होत्या असं मी म्हणतच नाही. पण चव चांगली लागली म्हणून संशय घ्यायचा नाही का? तुम्हाला सांगतो, मी चोपड्याकडचा शेतकरी माणूस. दरसाल सोयाबीन पेरतो, बाजार समितीत घालतो आणि मागे वळून बघत नाही. त्याचं तेल निघतं, तेल काढून उरते ती पेंड, आणि पेंड कोण खातं? आमच्या गोठ्यातली म्हैस. आता त्याच पेंडीच्या गोल गोल वड्या करून पाकिटात भरल्या, वर दंड फुगवलेल्या गड्याचा फोटो छापला, आणि आमची सून सुलक्षणा म्हणते, "आबा, प्रोटीन आहे, या वयात रोज हवं." रोज... काळ्या मसाल्याच्या रश्श्यात, पोह्यात, खिचडीत. मी चमच्यानं उकरून बघायला लागलो की आमच्या घरची मंडळी, भागाबाई, खेकसायची, "गुपचूप खा ना, बठ्ठं घर खाई ऱ्हायनं." सगळं घर खातं म्हणून काय झालं? मला पहिल्यापासून संशय.

आणि पोट काय खोटं बोलतं? दुपारी जेवलो की संध्याकाळपर्यंत नगारा. भजनात चार माणसांत बसायची चोरी.

म्हटलं, होऊन जाऊ दे निकाल. साक्षीदार म्हणून सुनेलाच सोबत घेतलं आणि गेलो शालिग्राम वैद्यांकडे. त्यांनी नाडी धरली, जीभ बघितली, आणि नाकातल्या आवाजात म्हणाले, "हे आमच्या जुन्या ग्रंथांत नावानं नाही, पण आहे शेंगेतलंच. पचायला जड, वात वाढवणारं. कडकडून भूक लागणाऱ्यानं कधीतरी दुपारी खावं, भिजवून, पिळून, हिंग-आलं घालून. तुमचा अग्नी मंद आहे, तुम्ही बंद करा." मी सुनेकडे असं बघितलं... असं बघितलं...

तिथंच उठायचं ना मी? नाही. जिंकल्याच्या भरात तोंड सुटलं. म्हटलं, "वैद्यबुवा, आपल्या खानदेशी पोटाला आपला कळणाच मानवतो. रात्री कळण्याची भाकरी, वर तेल, सोबत झणझणीत भरीत." वैद्यांनी पेन खाली ठेवलं. "कळण्यात ज्वारीबरोबर काय दळता?" "अख्खा उडीद, दुसरं काय?" "रोज?" आता बघा, इतका संशयी माणूस मी, पण नेमका तिथं मला संशय आला नाही. "आबा, डाळींत सगळ्यात जड उडीद. आधी तो बंद."

चंपाषष्ठी झाली, मळ्यात भरीत पार्टी. वांगी माझी, भाजायला कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या माझ्या, पाहुणे माझे. सगळे कळण्याच्या भाकरी मोडतायत आणि सुलक्षणा, गुणाची पोर, माझ्यापुढे मुगाचं कढण ठेवते. मी हळूच म्हटलं, "बाई, कळणा नको तर नको, त्या सोयाच्या दोन वड्या तरी वाढ." तर म्हणते, "नाही आबा, वैद्यांनी माझ्यासमोर सांगितलंय."

फिर्याद केली सोयाबीनवर, धरला गेला उडीद, आणि कैदेत मी, मुगाच्या पाण्यावर.