बिमारीचा पगार

खुशाल : मंग मले पाहून मासे धराची गरी काऊन लपवली?

रुपाली : लपवली नाई, खुशालभाऊ. बाजूले ठेवली.

खुशाल : ओढनीखाली ठेवली त्याले बाजूले ठेवली म्हनतेत काय?

रुपाली : तुमी आले म्हनून ठेवली. उद्या ग्रामसभेत तुमीच उठनार ना, रुपालीचा पगार बंद करा म्हनाले?

खुशाल : कोनं सांगतलं?

रुपाली : पानठेल्यावर बोलले तुमी. आमच्या चुलीपर्यंत याले त्याले किती येळ लागते?

खुशाल : बरं, मंग तोंडावरच बोलतो. निराधार योजनेचा पगार तुले भेटते अपंग म्हनून. तुहे हात धड, पाय धड. परवा शाळेत सिकलच्या तपासनीचा कॅम्प झाला, तं तू पोट्ट्यायच्या मांगं मांगं फुकटात धावून राह्यली होती. आन् आज इथी तलावावर मासे धरून राह्यली. मंग मी काय समजाव?

(चामोर्शीच्या बाजूचं एक गाव, तलावाची मागची पाळ, हिवाळ्यातलं कोवळं ऊन. खुशाल धानाच्या बांधीवरून घरी निघाला होता. पण एखादी गोष्ट पुरती समजल्याशिवाय या माणसाचा पाय पुढं पडत नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक. तो तिथल्याच एका दगडावर टेकतो. पलीकडे रुपालीची मावशी बायनाबाई फाटलं जाळं सांधत बसली आहे. डोळे जाळ्यात, कान इकडे.)

बायनाबाई : समजाचं काय त्यात. पोट्टी ऊन खाऊन राह्यली.

खुशाल : बाई, मी तिले इचारून राह्यलो.

बायनाबाई : आन् मी सांगून राह्यली. ढिवराच्या घरी गरीले कोनी काम म्हनत नाई. जाळं टाकनं ते काम. गरी म्हंजे बुढ्यायचा आन् लेकरायचा टाइमपास. तुमी बांधावर बसून गवताची काडी चावली तं नांगरनी केली म्हनता काय?

खुशाल : तसं नाई म्हनत. पन मासा तं लागते ना गरीले?

रुपाली : सकाळपासून एक बी नाई लागला.

खुशाल : मंग कायले बसली?

रुपाली : बरं वाटते म्हनून.

खुशाल : आता कसं बोलली. बरं वाटते त्याले पगार कायचा?

रुपाली : भाऊ, तुमी त्याले पगार म्हनता ना?

खुशाल : सारं गावच म्हनते. तू बी म्हनते.

रुपाली : हो, मी बी म्हनतो. पन पगार म्हनला का काम आलं. मंग माहं काम कोनतं?

खुशाल : तुहं काम? तुहं काम म्हंजे... बिमार राहनं.

रुपाली : रोज?

खुशाल : पगार दर महिन्याले येते, तं रोजच म्हनाव लागन.

रुपाली : बरं. मास्तरले पगार हाये, त्याले इतवार भेटते. तुमचा जवाई कोरपन्याकडं सिमेंटच्या कंपनीत हाये, त्याले हप्त्याची सुट्टी हाये. मंग माह्या कामाले सुट्टी हाये का नाई?

खुशाल : हे तं तू मले शब्दात पकडून राह्यली.

रुपाली : शब्द तुमीच देल्ला.

बायनाबाई : आता बोला.

खुशाल : थांबा बाई, मले समजू द्या. मतलब आज तुही सुट्टी हाये म्हन.

रुपाली : आज सुट्टी. उद्याचं मालूम नाई. अर्ज करून भेटत नाई ही.

खुशाल : मंग कोन देते?

रुपाली : रगत देते. त्याच्या मनात आलं तवा देते, त्याच्या मनात आलं तवा बोलावून घेते.

खुशाल : हे सिकल नेमकं काय हाये, मले कोनी धड सांगतलंच नाई पाह्य. त्या दिवशी नर्सबाई म्हने, हा वाहक, हा पीडित. मले वाटलं, वाहक म्हंजे यष्टीतला, तिकीट फाडते तो. म्हनलं एवढ्याशा पोट्ट्याले आत्ताच नोकरी लागली का काय.

रुपाली : तुमी एकटेच नाई, गंज लोकायले तसंच वाटते. वाहकाले सहसा तरास होत नाई, तो फक्त पुढं नेते, आपल्या लेकरात. माहे माय-बाप दोघं बी वाहक. मी निंगाली पीडित.

खुशाल : मंग पीडिताचं काय होते?

रुपाली : आपल्या रगतात गोल गोल पेशी राहतेत, त्या माह्या आंगात इळ्यावानी वाकड्या होतेत. आन् अडकतेत. जिथी अडकल्या तिथी दुखते. पाठीत, मांडीत, छातीत.

खुशाल : कसं दुखते? ठनकते का टोचते?

रुपाली : कसं सांगू आता.

बायनाबाई : मी सांगतो. गोधडीचा कोना तोंडात कोंबते अन् चावते. आवाज शेजारी जाऊ नाई म्हनून.

रुपाली : मावशी, राहू दे.

बायनाबाई : काऊन राहू दे? इचारून राह्यला ना तो. ऐकू दे.

खुशाल : पन आवाज काऊन नाई जाऊ द्याचा? दुखन्याची कायची लाज?

रुपाली : दुखन्याची नाई वाटत आता. बरं वाटन्याची वाटते.

खुशाल : हे काय बोलली?

रुपाली : मांगच्या दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत दंडारीचा खेळ पाह्याले गेली होती मी. तो सोंगाड्या असा पडला का मले हासूच आवरे ना. दुसऱ्या दिवशी बोरिंगवर तुमच्या घरची म्हने, पगारवाली लय खिदळत होती काल. तवापासून हासू आलं का पयले इकडंतिकडं पाहतो, कोन हाये म्हनून. या मांगच्या पाळीवर तरी कायले येऊन बसतो मी? पुढच्या पाळीवर सावली हाये, बसाले पायऱ्या हायेत. पन तिथून रस्ता जाते.

खुशाल : आमच्या घरची बोलली असं?

बायनाबाई : तिलेच काय बोलता. मी बी तेच शिकवलं हिले. म्हनलं, घरी कोनी आलं का खाटेवर पडत जाय, कन्हत जाय. आता कवा कवा मलेच समजत नाई, खरं दुखून राह्यलं का माह्यासाठी कन्हून राह्यली. रात बे-रात उठून कपाळाले हात लावून पाहतो तिच्या.

खुशाल : अजून एक इचारू?

रुपाली : इचारा ना.

खुशाल : इचारतो. राग नको येऊ देजो. चांगल्या दिवशी धानाचा रोवना नाई होत काय तुह्याच्यानं?

रुपाली : होते ना. तुमच्याच बांधीत आली होती मी एकदा. बारावी झाली त्या पावसाळ्यात. आठवते?

खुशाल : आठवते. हात चांगला चाले तुहा. गानं बी म्हने तू.

रुपाली : आन् दुसऱ्या दिवशी?

खुशाल : दुसऱ्या दिवशी आलीच नाई. मी म्हनलो, शिकलेली पोट्टी, आळशी असन.

रुपाली : दुसऱ्या दिवशी मी गडचिरोलीच्या दवाखान्यात होती. रगत चढवून राह्यले होते. दिवसभर गार पान्यात पाय, वरून झड, अन् गान्याच्या नादात मी पानी प्याले इसरली.

खुशाल : मले कोनी सांगतलंच नाई.

रुपाली : तुमी इचारलं नाई. साऱ्या दुनियेले इचारता तुमी, गाय कवा येली, पावना कोनाचा, गाडी कितीची. माह्या घरी नाई आले.

बायनाबाई : खरं हाये ते.

खुशाल : हो, खरं हाये. पन मंग कॅम्पात कायले धावते? घरी पडून राह्यली तं कोनी बोट तरी नाई दाखवनार.

रुपाली : ज्या लेकराचं नाव पीडितात निंगते ना भाऊ, त्याची माय तिथीच भिताडाले टेकून बसते. तिले वाटते, संपलं. मंग नर्सबाई मले उभी करते तिच्यापुढं. हे पाहा, हिले बी तेच हाये, एवढी मोठी झाली, बारावी शिकली. ती बाई मले वरून खालून पाहते. हात लावून पाहते. आन् मंग उठते. मी खाटेवर पडून राह्यली तं तिनं कोनाले पाहाव?

खुशाल : पन माह्या दसरूचं काय? सख्ख्या भावाचा पाय गुडघ्यापासून कापला माह्या. साऱ्या गावाले दिसते. त्याचं मंजूर होत नाई, आन् जिचं काईच दिसत नाई तिचं झालं. मले राग येनार का नाई?

रुपाली : येनारच. मले बी येते दसरूभाऊले पाहून. पन माहं नाव कटलं तं त्यायचं लागते काय?

खुशाल : नाई. तसं कोनी म्हनलं नाई.

रुपाली : मंग?

खुशाल : मंग काय. मंजूर करनारा साहेब काई हातात येत नाई. तू समोर दिसली.

बायनाबाई : बोलला बापा एकदाचा.

खुशाल : रुपाली, तू उद्या सभेत ये. हे सारं असंच सांग, जसं मले सांगतलं.

रुपाली : कोनती रुपाली येऊ? उद्या बरं वाटलं आन् चालत येऊन दोन शब्द बोलली, तं लोकं म्हनतीन, पाहा, किती धडधाकट हाये. आन् दुखलं तं मले खाटेवरून उतरताच येत नाई. तुमीच सांगा, कोनती धाडू?

खुशाल : मंग तुह्याकडून बोलन कोन?

रुपाली : माह्याबद्दल बोलनारे तुमी एकटेच.

खुशाल : बोलाले तं उठाव लागन मले. सरपंचाले सांगून बसलो.

बायनाबाई : काय बोलान मंग?

खुशाल : जे हाये ते. का मी हिले सुट्टीच्याच दिवशी पाह्यलं आजवर. कामाच्या दिवशी एकदा बी पाह्यलं नाई. आन् अर्धं पाहून कोनाचा पगार बंद करा म्हननं बरं नाई.

रुपाली : हासतीन लोकं तुमाले.

खुशाल : हासू दे. आन् आयक, आता जवा दुखन ना, तवा माह्या घरी निरोप धाड.

रुपाली : कायले?

खुशाल : मी येतो.

रुपाली : दुखते तवा मी कोनासंग बोलत नाई, खुशालभाऊ.

खुशाल : नको बोलू. मी बी काई इचारनार नाई.