लेख झाला की मग

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. पेटीवाले बापू, तुम्हीही भाता सोडा, बोटांना विसावा द्या. आख्यानाला लागण्याआधी एक प्रश्न विचारतो. उत्तर आत्ता देऊ नका — घाईत दिलेलं उत्तर आरतीपर्यंत टिकत नाही!

प्रश्न असा. एक माणूस खोटं बोलला नाही. कुणाचं काही लुबाडलं नाही. त्याचा एक नियम होता, चांगला नियम, तो त्यानं काटेकोर पाळला. आणि नियम पाळता पाळताच त्याच्या हातून पाप घडलं. असं होऊ शकतं का?

"नाही होणार," म्हणाले आपले वकीलसाहेब. पहिल्या रांगेतून! साहेब, फी न घेता बोललात, आभारी आहे. पण निकाल शेवटी लावू.

आणि त्या मागच्या खांबाला टेकलेल्या सोनाबाई — आजी, तुमचं लक्ष माझ्याकडे नाही, शिऱ्याच्या पातेल्याकडे आहे! मला इथून सगळं दिसतं. वास सुटलाय खरा. पण दम धरा. आरती व्हायचीय, नैवेद्य दाखवायचाय. नियम आहे.

तर ऐका. ही गोष्ट पुराणातली नाही, साताऱ्यातली आहे. राजा नाही, राक्षस नाही. आहे एक सायकल.

हसलात? हसा. रथ म्हटलं असतं तर माना डोलावल्या असत्या. रथाला काय, पंख होते? चाकंच होती!

साताऱ्यात उदयसिंग फडतरे नावाचा गृहस्थ राहायचा. वय पन्नाशीच्या अलीकडे, अंगानं काटक, पिंडऱ्या दगडासारख्या. त्याचं काम काय? सायकली चालवून बघायच्या आणि त्या कशा आहेत ते पुण्याच्या एका मासिकात लिहायचं. कंपन्या नवी सायकल खोक्यात घालून पाठवायच्या. हा तिला डोंगरात दामटायचा — चढ, उतार, खडक, माती — आणि मग लिहायचा. ब्रेक बोथट असेल तर बोथट लिहायचा. कंपनी मोठी असली तरी बोथटच लिहायचा! म्हणून सायकल घेणारी पोरं आधी एकमेकांना विचारायची, "फडतरे काय म्हणतोय?"

आता त्याचा नियम ऐका. खोकं फुटल्यापासून लेख पुरा होईपर्यंत त्या सायकलवर दुसऱ्या कुणी बसायचं नाही. बायकोनं नाही, मुलानं नाही, कंपनीच्या साहेबानंसुद्धा नाही. का? तर सीटची उंची त्याच्या पायाची, टायरमधली हवा त्याच्या वजनाची. दुसरा बसला की सीट खालीवर होणार, गिअर वेडेवाकडे पडणार, मग सायकलचा दोष कुठला आणि माणसाचा कुठला, कळायचं कसं? एक सायकल, एक माणूस. आपण नैवेद्याचं ताट उष्टं होऊ देतो का? नाही ना? तसंच हे!

आणि त्याचा एक मित्र होता. मनोहर कासार. पेठेत बांगड्यांचं दुकान. लहानपणापासूनची जोडी. हा त्याला मन्या म्हणायचा, तो ह्याला उदा. दर रविवारी सकाळी दोघं सायकली काढायचे आणि भैरोबाची टेकडी चढायचे. अर्ध्या वाटेवर, पहिल्या वळणाला एक दगडी कट्टा आहे. मन्या कायम तिथं आधी पोचायचा, अन् वरून ओरडायचा, "उदा! रिक्षा पाठवू का रे?"

पुढे मन्याच्या छातीनं दगा दिला. फुप्फुसं आवळत चालली. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, "सायकल चालवा, पण बेतानं. दम लागला की उतरायचं. आणि ते लोखंडी धूड घेऊन चढावर जायचं नाही." मन्या घरी येऊन बायकोला म्हणाला, "शालन, डॉक्टर तुला धूड म्हणाले." असा माणूस! दम लागायचा, पण जीभ थांबायची नाही.

आणि त्याच सुमाराला उदयसिंगकडं एक खोकं आलं.

मंडळी, काय सायकल होती! कार्बनची. कार्बन म्हणजे कोळशाचाच भाऊबंद. पण त्याचे केसासारखे धागे काढतात, कापडासारखे विणतात, चिकट रसात भिजवून भट्टीत भाजतात, की झाला सांगाडा — पोलादासारखा ताठ, आणि वजनाला? उचलली तर वाटावं, काहीतरी घालायचं राहिलंय हिच्यात! पुढच्या चाकाला दणके गिळणारा फोर्क. मागं काही नाही, मागची बाजू ताठ. म्हणून तिला म्हणतात हार्डटेल. मागच्या चाकाखाली खडा आला तर तो थेट तुमच्या कमरेला कळवते. काही लपवत नाही. पण पायातला जोर वाया घालवत नाही. दाबलं पेडल, की निघाली!

संध्याकाळी मन्या आला, पायरीवर बसला. श्वास खाली बसेपर्यंत नुसता सायकलकडं बघत राहिला.

"किती भरली रे?"

"नऊ किलो. वर थोडं. पेडल धरून."

"आणि माझी?"

"तुझी सोळाच्या खाली नाही."

"म्हणजे माझ्या छातीवरचे सात किलो उतरले की!"

उदयसिंग हसला. मन्या हसला नाही. म्हणाला, "उदा, एकदा बसू दे. वर देवळापर्यंत नाही म्हणत मी. कट्ट्यापर्यंत. हळूहळू जातो, तिथं बसून गाव बघतो, येतो परत. किती दिवसांत वरून गाव बघितलं नाही रे."

आता काय म्हणाला असेल उदयसिंग?

"लेख झाला की मग."

"तब्येतीपायी नाही म्हणतोस?"

"नाही रे. तसं असतं तर तसं तोंडावर सांगितलं असतं. नियम आहे. तुला माहितीय."

"माहितीय की! मीच गावभर सांगत फिरतो, आमचा उदा जन्मदात्या आईला बसू द्यायचा नाही."

"आई बसली तर सायकल राहील का?"

दोघंही हसले. मन्याला हसता हसता खोकला आला, तो बराच वेळ थांबला नाही. मग तो उठला, सायकलच्या सीटवर नुसता हात ठेवला, म्हणाला, "कर बाबा लवकर." आणि गेला.

वकीलसाहेब, आत्तापर्यंत काय चुकलं? काही नाही. नकार दिला? नाही, "मग" म्हणाला. आणि "मग" म्हणणारा माणूस नेहमी सभ्यच दिसतो!

उदयसिंग कामाला लागला. पहिल्याच दिवशी भैरोबाची टेकडी धरली. आणि त्या चढावर, मंडळी, त्याला नवल वाटलं. जिथं एरवी दात आवळायला लागायचे तिथं ही सायकल पाऊल टाकल्यासारखी चढत होती. कट्ट्यापाशी पोचला तरी श्वास जागेवर! कट्ट्यावर पाय टेकून तो थांबला, आणि — हे नीट ऐका — त्याच्या मनात आलंच, की हिच्यावर मन्या इथवर येईल. नक्की येईल. त्याला बरं वाटलं. मनातल्या मनात त्यानं तो दिवस ठरवूनही टाकला. रविवार. थर्मासमध्ये चहा. आपण मागं चालत यायचं.

चांगला विचार आला होता हो! आणि त्यानं काय केलं? जपून ठेवला. आपण नवी चादर कपाटात ठेवतो ना, पाहुणे येतील तेव्हा काढू म्हणून — तसा.

लेख पंधरवड्यात व्हायचा. पण फडतरे पडला चोख माणूस. उतारावर मागचं चाक जरा उडतंय असं त्याला वाटलं. हवा कमी करून पुन्हा उतरला. मग वाटलं, टायरच बदलून बघावं. ते पुण्याहून यायला वेळ लागला. मन्याचा फोन यायचा.

"झाला का लेख?"

"उतार राहिलाय रे."

पुन्हा फोन. "झाला का?"

"खडकाळ पट्टा राहिलाय. घाईत लिहिलं तर उद्या कुणी पोरगं पडेल."

खरंच सांगत होता! एक अक्षर खोटं नाही. मग पुढे फोन यायचा थांबला. उदयसिंगला वाटलं, बरं झालं, समजूतदार आहे मन्या.

मंडळी, मागणारा गप्प झाला की आपल्याला नेहमी वाटतं, त्याची समजूत पटली. बहुतेक वेळा तो दमलेला असतो.

अखेर लेख पुरा झाला. त्याच्या लेखात शेवटी कायम एक मथळा असायचा — ही सायकल कुणासाठी? त्याखाली त्यानं लिहिलं, "शर्यतीत उतरणाऱ्या, दमदार पायांच्या स्वारांसाठी." लेख पाठवला. सायकल धुतली, पुसली. पाना घेऊन सीट चार बोटं खाली आणली. मन्याचं माप त्याला पाठ होतं, आयुष्य गेलं होतं बरोबर. टायरमधली हवा मन्याच्या वजनाला लावली. मन्याच्या मापाच्या सीटवर त्याला स्वतःला बसवेना, म्हणून तो पेठेतून सायकल हातात धरून चालत निघाला. नवरदेवाची घोडी नेतात तशी!

दार शालनवहिनींनी उघडलं. सायकलकडं बघितलं. म्हणाल्या, "आणलीत का, भाऊजी."

विचारलं नाही हो. नुसतं म्हणाल्या. आणि बाजूला झाल्या.

मन्या खिडकीपाशी खुर्चीत होता. नाकात नळी. शेजारी यंत्र घुरघुरत होतं. अंगावरचा सदरा दुसऱ्याचा असावा असा सैल. फोन का थांबला होता, ते उदयसिंगला तेव्हा कळलं. बोलायलाच श्वास पुरत नव्हता.

"अरे, मला कळवायचं नाही?"

"तू कामात होतास." मन्यानं श्वास घेतला. "सीट माझ्या मापाला लावलीस?"

"हो."

"हवा?"

"तुझ्या वजनाची."

"आता तेवढं वजन राहिलं नाही रे माझं. थोडी काढ."

मस्करीच होती ती. पण उदयसिंग खरंच खाली बसला, आणि त्यानं टायरमधली हवा काढली. दुसरं काय करणार? मान तरी खाली घालता आली.

मन्या म्हणाला, "जवळ आण." त्यानं खुर्चीतूनच हात लांब केला, सांगाड्याची वरची नळी धरली आणि उचलली. दोन्ही चाकं जमिनीवरून सुटली, मंडळी! बोटभर. लहान मुलासारखा आनंद झाला त्याच्या तोंडावर.

"हलकी आहे रे, उदा. बघ, हिला मी उचलतोय." चाकं हळूच खाली टेकवली. "आता ती मला उचलायची नाही."

"असं बोलू नको. बरा झालास की—"

"हो," मन्या म्हणाला. "बरा झालो की मग."

टोमणा नव्हता. टोमणा असता तर उदयसिंगला सोसला असता.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. मन्या गेला.

क्रियाकर्म झालं. कंपनीचा फोन आला, सायकल परत न्यायला माणूस येतोय. त्या सकाळी उदयसिंग उठला, सायकल बाहेर काढली. सीट मन्याच्याच मापाला होती. वर करायला पाना हातात घेतला, आणि ठेवून दिला. हातात धरूनच तो टेकडीला लागला. सायकल रिकामी, हा शेजारून पायी. उतरणारी माणसं म्हणाली, "काय फडतरे, पंक्चर?" त्यानं मान हलवली. हो म्हणाला की नाही, कुणाला कळलं नाही.

कट्ट्यापाशी त्यानं सायकल टेकवली, तिचं तोंड गावाकडं केलं, आणि शेजारी बसला. खाली गाव होतं. कासाराच्या दुकानाचं पत्र्याचं छप्परही दिसत होतं, बंद दुकानाचं. आणि तिथं त्याला कळलं, की आपण हिचा ब्रेक तपासला, टायर तपासलं, पण हलकेपणा तपासलाच नाही. आपल्या पायांना काय कळणार सात किलो म्हणजे काय? ते ज्याला कळलं असतं, तो आपल्या पायरीवर बसून मागत होता.

तिथूनच त्यानं संपादकांना फोन लावला. "शेवटची ओळ बदलायचीय."

"काय करायचं?"

"लिहा — ज्याचा दम कमी पडतोय, त्याच्यासाठी. त्याला आधी बसू द्या."

"फडतरे, हे कसलं वाक्य? आणि अंक कालच छापून गेला."

अंक आला. "दमदार पायांच्या स्वारांसाठी" असंच छापलेलं. लोकांनी वाखाणलं. फडतरे काय चोख लिहितो! वाचणाऱ्यांत कुणालाही चूक सापडली नाही. नव्हतीच त्यात चूक.

वकीलसाहेब, बोला आता. गुन्हा कुठल्या कलमाखाली बसवायचा? नाही बसत ना? माझ्याकडंही कलम नाही. उदयसिंगनं पुढेही सायकली तपासल्या, नियमही ठेवला. फक्त कुणी मागितली की तो आधी मागणाऱ्याच्या तोंडाकडं बघायचा.

आणि आपण? पोरीचं लग्न झालं की मग आईला तिच्या माहेरच्या गावी नेऊ. घराचं काम संपलं की मग भावाशी बोलू. आपले सगळे "मग" किती रास्त असतात! आपल्या घरात पायरीवर कोण बसलंय, सीटवर नुसता हात ठेवून कोण परत गेलंय, ते आज घरी जाऊन बघा. फोन यायचा थांबला असेल, तर आजच उठा.

बापू, पेटी नको अजून. आरतीचं तबक जरा खाली ठेवा. त्या पातेल्यावरचं झाकण काढा, आणि एक द्रोण शिरा मागच्या खांबापाशी पोचवा. हो, नैवेद्याआधी! देवाकडं वेळ आहे, तो थांबेल.

सोनाबाई, हात पुढं करा. गरम आहे, जपून.

हं. आता लावा निरांजन.