भरवशाची तपासणी

वसमतच्या स्टँडवर हट्ट्याची गाडी काही येईना, म्हणून रागिणीचे कान आपसूक मागच्या बाकाकडं लागले. सुट्टीवर आलेला फौजी म्हाताऱ्या आईबापाशी बोलून राहिला होता.

“अंधारात दिसतं का, ते आमचं दोनदा तपासलं, आई.”

“दोनदा काहून?”

“तपासणीच भरवशाची हाय का, ते बघायचं होतं. दोन्ही बारीला मी पडद्यावरच्या त्याच खुणा वळखायला चुकलो.”

“अगं माय! मंग आता घरी धाडतील?”

“न्हाई गं, साहेब खूश झाले. सारखंच चुकलो, म्हंजी तपासणी भरवशाची.”

“मंग तुझा बाप लई भरवशाचा. दर बाजारी मीठ इसरतो.”

“आज घेतलंय की मीठ!” म्हातारा म्हणाला.

“कुठंय?”

“पिशवीत.”

“अन् पिशवी?”

रागिणीनं मागं पाहिलं, तर म्हातारा बाजाराकडं पळत सुटला होता.